आधी सीट काढा

आमच्या तलवाड्यात कुणाला गेट पाहिजे असंल, खिडकीला जाळी, ट्रॉलीला पत्रा, तर सगळे सत्तार वेल्डरकडं येतात. तो सत्तार वेल्डर म्हणजे माझा नवरा. मी नाव घेत न्हाई, मेहेकचे अब्बू म्हणते, पण सांगायला बसलेय तर एकदा नाव घ्यावं लागतंय. हाताचा लई गुणी माणूस. डोक्याचं मात्र काही विचारू नका, उभा जन्म माझ्या नाकी नऊ आणले. दुसऱ्यांचे नवरे म्हशी घेतात, प्लॉट घेतात, लई झालं तर ग्रामपंचायतीला उभे राहतात. ह्यांनी पाणबुडी केली.

चेष्टा करीत न्हाई, खरंच केली. कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातनं जाड पत्र्याची बॉयलरची टाकी आणली. तिला पुढून जाड काच, वर माणूस शिरंल एवढं झाकण, दोन्ही अंगाला पाणी घ्यायच्या टाक्या, आणि आत एक जुन्या रिक्षाची सीट. आतल्या माणसानं पाय दुमडून बसायचं, हातानं दांडा फिरवायचा, मागचा पंखा फिरणार. बाजूच्या टाक्यांत पाणी घेतलं की खाली जायचं, सिलिंडरची हवा सोडून ते पाणी बाहेर ढकललं की वर यायचं. "एवढं सोप्पं हाय," म्हणायचे. दुकानाच्या मागं बाभळीखाली ते हिरवं डबडं कित्येक वर्षं पडून होतं. शाळेची पोरं ते बघायला यायची. माझ्या बहिणी आल्या की त्या आधी डबड्याकडं बघायच्या आणि मग माझ्याकडं.

कावून केली, कशासाठी केली, ते सांगते. तिथं मात्र हसायचं न्हाई.

आमचं जुनं गाव तळ्यात गेलं. तलवाड्याच्या पुढं साठवण तलाव हाय, त्याच्या पोटात. माझं लग्न झालं तवा तिथं घरं होती, मशीद होती, वढा होता. माझं पहिलं पोरगं तिथंच झालं. आमेर नाव ठेवलं होतं. बाळंतपणाचा छिल्ला, चाळीस दिवस, अजून संपला न्हवता, तवाच त्याला ताप आला आणि बीडच्या दवाखान्यात पोचायच्या आत रस्त्यातच गेला. मेहेकच्या अब्बूंनी त्याला दोन्ही हातांवर घेऊन कब्रस्तानात नेलं. आमच्यात बाया जात न्हाईत, आणि मी तर बाळंतीण. दारातनं पाठमोरे बघितले, तेवढंच. पुढं कधी तरी लांबून का होईना बघून येईन, असं मनात होतं. पण तळ्याची भिंत पुरी झाली, पाणी चढलं आणि गाव उठलं. दुष्काळात तळं आटतं तवा मशिदीची भिंत वर येती, पण कब्रस्तान खालच्या अंगाला डोहाजवळ होतं. तिथलं पाणी कधीच हटत न्हाई आणि कडंचा गाळ असा की शिरलेलं जनावर बाहेर येत न्हाई.

तर ह्यांना तिथं जायचं होतं. पोराच्या कबरीजवळ.

"अजी, फातेहा काठावर बसून वाचली तर कबूल होत न्हाई का?" मी कितींदा विचारलं असंल.

"तुला न्हाई कळायचं," एवढंच उत्तर.

ह्या उत्तराचा मला लई राग यायचा. कारण मला न्हाई कळायचं असं म्हणणारा माणूस कोण, तर पोरगं गेलं त्याच आठवड्यात पाळणा भंगारात घालणारा. पाळणा त्यांनीच केला होता, बारीक सळयांचा. खाली दोन वाकड्या पट्ट्या होत्या, पाय लावला की डुलायचा. पत्र्याचे दोन राघू कापून आणले आणि वर लावायला निघाले, तर मीच म्हणलं, वर नको, पोराच्या डोळ्याला लागंल, खाली पट्ट्यांजवळ लावा. एका राघूची चोच लई मोठी झाली होती. मी म्हणलं, हा राघू हाय का घार हाय? लई हसलो होतो आम्ही. आणि पोरगं गेल्यावर एक दिवस सकाळी उठून बघते तर पाळणा जाग्यावर न्हाई. भंगारवाल्याला दिला, म्हणे. कावून दिला, कुणाला विचारून दिला, त्यावर एक शब्द न्हाई. मेहेक झाली तवा म्हणलं दुसरा करा, तर तो बी केला न्हाई. वेल्डरची लेक साडीच्या झोळीत वाढली. आज बी पाळण्याचं गिऱ्हाईक आलं की "मला जमत न्हाई" म्हणून माघारी लावतात. सगळ्या तालुक्याला गेट करून देणाऱ्याला पाळणा जमत न्हाई! मी त्यावरनं लई बोललेय त्यांना, पण भिंतीशी बोलून काय उपयोग.

गेल्या वर्षी त्यांनी पाणबुडी पहिल्यांदा पाण्यात घातली. पंडितरावांच्या मळ्यातल्या मोठ्या विहिरीत. मला सांगितलं सुद्धा न्हाई, आरडाओरडा ऐकून पळत गेले. दोरखंड बांधून आत सोडलेली, खाली गेली ती गेलीच. हवेची चावी अडकली होती. गडीमाणसांनी दोर ट्रॅक्टरला लावून ओढून काढली. झाकण उघडलं तर माणूस निळा पडलेला. छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा आणला. मी तर तिथं चिखलात बसून अल्लाची भीक मागत होते. आणि डोळे उघडल्यावर ह्यांचा पहिला शब्द काय? "वायसर बदलावं लागंल."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. घरी येऊन सांगितलं, आता ह्या डबड्यात तुम्ही परत बसलात तर माझं तोंड बघू नका. दुसऱ्या दिवशी त्यांनी वायसर आणलं.

आमची मेहेक बीडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मोबाईलवर आली की रडगाणं चालू, अम्मी, प्रोजेक्टचा विषय मिळंना, बद्रीनाथ सर रोज उभं करतात. एकदा अशीच रडत होती, मी भाकरी थापत होते. मी म्हणलं, "तुमच्या कॉलेजात माणसाशिवाय चालणाऱ्या गोष्टी शिकवतात ना? मग हे तुझ्या बापाचं डबडं माणसाशिवाय चालवून दाखव."

ती म्हणली, "अम्मी, असं करतात खरंच."

पुढच्या रविवारी ती दोघांना घेऊन आली. एक तेजश्री, बीडचीच, चष्मा लावलेली, बोलायला फटकळ पण कामाला वाघीण. दुसरा पप्पू, उमापूरचा, शेतकऱ्याचं पोरगं, अंगानं दांडगा. तिघं पाणबुडीभोवती फिरली, आत टॉर्च मारला, एकमेकांशी इंग्रजीत बोलली. पाण्याखाली रेडिओ चालत न्हाई म्हणे, म्हणून लांब वायर लावायची. पुढं कॅमेरा आणि लाईट, मागं-बाजूला मोटारी, आणि काठावर टीव्ही ठेवून गेम खेळायच्या दांड्यानं चालवायची. माणूस काठावर, डबडं पाण्यात.

"अब्बू, देताल का?" मेहेकनं विचारलं.

मेहेकला न्हाई म्हणणं त्यांना जमत न्हाई. मला जमतं. लई वेळ ते पाणबुडीच्या पत्र्यावर हात फिरवीत उभे राहिले, मग म्हणले, "कॅमेरा कशाला पाहिजे?"

"चाचा, कॅमेरा न्हाई तर दिसणार कसं?" तेजश्री म्हणली.

"मेलेल्याला टीव्हीवर बघतात का?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. शेवटी मीच म्हणलं, "लेकीच्या मार्कांचा सवाल हाय. द्या." आणि पोरांना सांगितलं, माझी एकच अट हाय, आधी सीट काढा. बाकीचं तुमचं काय ते नंतर. पप्पूनं ग्राइंडर लावला आणि ठिणग्या उडवीत सीट कापून बाहेर काढली. मेहेकचे अब्बू पाठ फिरवून बसले होते. नंतर ती सीट उचलून दुकानात नेली आणि तिच्यावर बसून काम करायला लागले. मला खिजवायला, दुसरं काय.

मला वाटलं होतं, महिन्याभरात होऊन जाईल. कसलं काय! पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. पोरं शनिवारी एसटीनं यायची, रविवारी सांजच्याला जायची. वायर आत घ्यायला भोक पाडलं की तिथनं पाणी. तिथलं बुजवलं की काचेच्या कडंनं पाणी. रबर बदला, पेस्ट लावा, सुकू द्या, हौदात बुडवा, परत पाणी. मोटारी जळाल्या. नव्या आणल्या त्या उलट्या फिरल्या. पप्पू म्हणायचा, "चाची, ह्याच्यापेक्षा ऊस तोडलेला बरा." तेजश्री एकदा पाणबुडीत डोकं घालून काम करता करता तशीच झोपली, नुसते पाय बाहेर. मेहेक चिडचिडी झाली, कुणाशी नीट बोलंना. मी खिचडी शिजवायची, चहा करायची, भांडी घासायची. कंटाळा सगळ्यांनाच आला होता. नको वाटायचं, पण सोडवत बी न्हवतं. मी रोज फक्त त्या कापलेल्या सीटच्या जागेकडं बघायची. तिथं आता बॅटऱ्या बसल्या होत्या, माणूस बसायला जागा न्हवती, आणि तेवढ्यानं मला झोप लागायची.

मेहेकचे अब्बू मदत करायचे, न्हाई असं न्हाई. सांगंल ते वेल्डिंग करून द्यायचे. पण मन न्हवतं त्यांचं.

शेवटी एकदाचं गळायचं थांबलं. हौदात घातली तर काय, पाणबुडी बुडंचना! पप्पूनं दोन्ही हातांनी दाबली तरी परत वरच. तेजश्रीनं कपाळावर हात मारला. "अगं, चाचा बाहेर काढले ना आपण! वजन सगळं चाचांच्या हिशेबानं होतं." चार पुस्तकं वाचलेली तीन पोरं, आणि माणूस काढला की माणसाचं वजन बी जातं हे कुणाच्या ध्यानात न्हाई. मी त्या दिवशी लई दिवसांनी हसले.

म्हणून ठरलं की चाचांचं वजन करायचं, त्यातनं बॅटऱ्या-मोटारींचं वजा करायचं आणि उरंल तेवढी रेती पोत्यांत भरून आत ठेवायची. गावात गहिनीनाथ शेठच्या दुकानात कापूस मोजायचा काटा हाय, तिथं ह्यांना उभं केलं. शेठ म्हणले, "सत्तारभाई, ओला कापूस असंल तर कट्टी लागंल, वजन कापून धरावं लागंल." सगळे हसले. हे हसले न्हाईत, हात खाली सोडून सरळ उभे राहिले. पोरांनी आकडा घेतला आणि रेती भरली.

उमापूरला पप्पूच्या बापाचं शेततळं हाय, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. तिथं सोडली. सोडली तशी ती गडप! खाली जाऊन अशी आपटली की कागद फाटता फाटता राहिला. बाजूच्या टाक्यांतलं सगळं पाणी बाहेर काढलं तरी वर येईना. पप्पूचा बाप काठावरनं ओरडतोय, "बे पप्प्या, तळं फुटलं तर तुला त्यात गाडीन!" पप्पू पाण्यात बुड्या मारतोय, तेजश्री रडकुंडीला आलेली. ट्रॅक्टर लावून ओढून काढली. मेहेक तळ्याच्या कडंला बसली आणि म्हणली, "अम्मी, बास झालं. मला न्हाई होत आता."

मला तवा एकदम आठवलं. वजन केलं त्या दिवशीचा ह्यांचा कुडता मी धुतला होता. दोन्ही खिसे खाली लोंबकळलेले, शिवण उसवलेली आणि आत गंजाचे तांबडे डाग. वेल्डरचे कपडे म्हणून मी काही बोलले न्हवते.

घरी आल्यावर दुकानात गेले. हे त्या रिक्षाच्या सीटवर बसून चहा पीत होते.

"खिशात काय घालून काट्यावर उभं राहिला होता?"

खाली बघायला लागले. म्हाताऱ्या माणसाला चोरी करताना धरावं असं झालं मला, राग बी आला आणि कीव बी आली.

"नटबोल्ट होते," म्हणले. "थोडे."

"थोडे? कापसाच्या काट्याला कळंल इतके! पोटच्या लेकीला नापास करायला निघालात? कावून?"

"फसली असती तर मी गेलो असतो ना मग. सीट परत लावली असती." मग म्हणले, "मला एकट्याला जायचं होतं, जाहेदा. कॅमेरा नको होता मला."

"काय हाय तिथं असं, जे दुसऱ्यानं बघायचं न्हाई?"

ते उठून कप विसळायला गेले. मी बी पुढं विचारलं न्हाई. थकले होते मी. आयुष्यभर ह्या माणसाला विचारून विचारून थकले होते. एवढंच सांगितलं, उद्या त्याच काट्यावर रिकाम्या खिशानं उभं राहायचं, आणि खिसे मी तपासणार. दुसऱ्या दिवशी तपासले. गहिनीनाथ शेठनं आकडा बघून विचारलं, "काय सत्तारभाई, आजारी होता का?"

वजन बरोबर झालं तशी पाणबुडी शहाण्यासारखी वागायला लागली. मेहेक दांडा पुढं करायची, ती पुढं जायची. खाली म्हणलं की खाली, वर म्हणलं की वर.

तळ्यावर जायचा दिवस ठरला. थंडी सरत आली होती, पाणी निवळलेलं. बद्रीनाथ सर बीडहून मार्क द्यायला आले, डोक्याला रुमाल बांधून. ट्रॉलीत पाणबुडी, आणि मागं गावातली माणसं. बाया कब्रस्तानात जात न्हाईत, पण तळ्याच्या काठावर जाऊ नये असं कुणी सांगितलेलं न्हाई, म्हणून मी बी गेले. हे सकाळी अंघोळ करून, टोपी घालून, गुलाबाच्या पाकळ्यांचा पुडा घेऊन आले होते. काठावर उभं राहून पाकळ्या पाण्यावर सोडल्या. त्या तिथंच कडंला तरंगत राहिल्या.

झाडाखाली टीव्ही मांडला. उजेड नको म्हणून वरनं माझीच चादर टाकली. मेहेक दांडा धरून बसली, तेजश्री वायर सोडीत होती, पप्पू छातीएवढ्या पाण्यात उभा. मी मेहेकच्या मागं चादरीत डोकं घालून बसले, आणि हे माझ्या बाजूला.

आधी नुसतं हिरवं दिसलं. मग शेवाळ, एक मासा, मग दगडं. मग एक भिंत आली आणि मी ओळखली, पाणवठ्याची भिंत! मी लग्न होऊन आले तवा त्या भिंतीवर घागर टेकवायची.

"अब्बू, आता कुठं?" मेहेकनं विचारलं.

"डावीकडं. लिंबाचं खोड दिसंल." त्यांचा आवाज बारीक झाला होता. खोड दिसलं. "त्याच्या पुढं. हळू." मग एकदम म्हणले, "बास. बास मेहेक, इथंच थांबव. पुढं नको."

"अब्बू, अजून जरा..."

"नको म्हणतो ना!"

पण पाण्यातली गाडी काय ब्रेक लावून थांबती का? ती आपल्या जोरानं पुढं गेली. धक्का बसला, चित्र हाललं आणि गाळ उठला. मेहेकनं दांडा मागं ओढला, पण पाणबुडी हालंना. वर, खाली, बाजूला, कशालाच दाद देईना. "अडकली," ती म्हणली. "मागच्या पंख्यात काही तरी घुसलंय."

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असंल तर हेच, की हा माणूस आत असता. सीटवर पाय दुमडून, एकटा. वर ओढायला कुणी नसतं. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं, सगळ्यांदेखत.

पप्पू बाहेर आला. "चाची, घाबरू नका. वायरीसंगं दोर हाय, ट्रॅक्टर लावतो, उपटून येईल." सर म्हणले, "हो हो, ओढा, कॉलेजचं सामान आहे त्यात." पप्पू दोर ट्रॅक्टरला बांधायला गेला.

तोवर गाळ बसत आला होता. टीव्हीवर बारीक सळया दिसायला लागल्या, ओळीनं. अर्ध्या गाळात गेलेल्या, गंजून जाड झालेल्या.

"जाळी हाय," तेजश्री म्हणली. "कुणाच्या तरी खिडकीची."

खिडकीची न्हवती. वरच्या अंगाला दोन वाकड्या पट्ट्या होत्या, आभाळाकडं तोंड केलेल्या. एका पट्टीत आमचा पंखा अडकला होता. आणि पट्टीच्या बाजूला पत्र्याचा राघू होता. डोकं खाली, पाय वर. चोच लई मोठी.

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते टीव्हीकडं बघतच न्हवते, मान खाली घालून गवत उपटीत होते.

"भंगारात दिला म्हणला होता ना?"

"कुत्री यायची," ते म्हणले, मला ऐकू येईल एवढंच. "लहान कबर, माती मऊ. बोरीचे काटे टाकले, ते ओढून काढले त्यांनी. दगड ठेवले. मग पाळणा नेला आणि पालथा घातला वरनं. सळया मातीत ठोकल्या."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? बाळंतीण होतीस तू. तुझ्या पोराला कुत्री उकरायला येतात म्हणून सांगू?"

मला वरडून रडावं वाटलं, आणि त्यांच्या पाठीत दोन बुक्क्या घालाव्या वाटल्या. एवढी वर्षं! एवढी वर्षं माझं बोलणं खाल्लं ह्या माणसानं, गिऱ्हाइकं माघारी लावली, विहिरीत मरायला गेला, पण एकदा तोंड उघडलं न्हाई. "आणि आता काय करायला जायचं होतं?"

"हाय का जाग्यावर, बघायचं होतं. पाण्यानं उलटला असंल वाटायचं."

तिकडं ट्रॅक्टर चालू झाला. दोर ताठ व्हायला लागला. मी उठले, चादर डोक्यावरनं गेली, चप्पल तिथंच, आणि पळत जाऊन त्या दोरावर बसले. "बंद कर रे! पप्पू, बंद कर! कुणी ओढायचं न्हाई!"

"चाची, पण पाणबुडी..."

"मरू दे पाणबुडी! ती निघाली की पाळणा उपटंल."

कुणाला काही कळंना. सर म्हणले, "अहो बाई, प्रोजेक्ट आहे तो पोरांचा." तवा मेहेक उठली. तिनं बापाकडं बघितलं, टीव्हीकडं बघितलं. भाऊ होता हे तिला माहीत होतं. पाळण्यावरनं आमची भांडणं ऐकतच वाढली होती ती. "सर," ती म्हणली, "पाणबुडी चालली ना? माणसाशिवाय खाली जाऊन बघून दाखवलं ना? मग आता तिथंच राहू द्या." तेजश्रीनं चष्मा काढून पुसला. पप्पूनं ट्रॅक्टर बंद केला. सरांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या चपला उचलून माझ्याजवळ आणून ठेवल्या. चांगला माणूस हाय तो.

तेजश्री म्हणली, "चाची, मग वायर कापून टाकू का? असंच सोडायचं तर कापावीच लागंल."

"बॅटरी किती वेळ चालंल?" मी विचारलं.

"चालंल सांजपर्यंत. लाईट चालू हाय म्हणून, न्हाई तर जास्त."

"मग सांजच्याला काप."

गावातली माणसं हळूहळू गेली. सर पोरांना घेऊन चहाला गेले. मी टीव्हीपुढं बसले, चादर डोक्यावरनं ओढून घेतली आणि फातेहा वाचली. माझ्या पोराच्या कबरीजवळ मी पहिल्यांदाच बसले होते. एक मासा सळयांतनं आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. मी त्याला हुसकायला हात वर केला आणि मग माझं मलाच कळलं.

हे येऊन शेजारी बसले. आता बघत होते टीव्हीकडं. उन्हं कलली, थंडी वाजायला लागली, त्यांनी चादरीचं एक टोक आपल्याकडं ओढलं. चित्र अंधुक होत चाललं होतं. पट्ट्या दिसंनाशा झाल्या, पण राघू अजून दिसत होता.

"चोच लई मोठी केली तुम्ही त्याची," मी म्हणलं.

"तू तवा बी हेच म्हणली होतीस," ते म्हणले.

मग टीव्ही काळा झाला. पोरं परत आली होती, मेहेक वायर कापायला पाण्यात उतरली, आणि आम्ही चादर घडी करायला उठलो.